वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टरची खरखर आणि खोली

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. शेतमालकाच्या परवानगीने नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधण्याचा मला छंद आहे. माझ्याकडे मायनलॅब इक्विनॉक्स ८०० आहे. अधिक खोली मिळावी म्हणून मी सेन्सिटिव्हिटी (क्षीण संकेत पकडण्याची संवेदनक्षमता) २४ वर आणि रिकव्हरी स्पीड (एका संकेतानंतर दुसरा ऐकायला यंत्र किती चटकन सज्ज होते, तो वेग) १ वर ठेवतो. शेताच्या कडेने विजेच्या तारा गेल्या आहेत आणि तिथे यंत्र सारखे खरखरते. खोली न गमावता हा आवाज कसा कमी करावा?

उत्तर : आधी खरखर घालवा, म्हणजे खोली बरीचशी आपोआप मिळेल. लहान वस्तूकडून परत येणारा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या भागावर येतो. त्यामुळे सेन्सिटिव्हिटी चार अंकांनी वाढवून जेमतेम बोटभर खोली वाढते, पण खरखर मात्र सेन्सिटिव्हिटीच्याच पटीत वाढते आणि खोलवरच्या नाण्याचा क्षीण सूर तिच्यात बुडून जातो.

विजेच्या तारांचा उपद्रव नेमका कसा होतो, हे आकड्यांत पाहू. तिथला वीजपुरवठा भारतासारखाच ५० हर्ट्झचा असतो आणि त्याचे पटीतले सूर पार वरपर्यंत पोहोचतात. १५,००० हर्ट्झ हा त्यांतलाच एक. समजा, यंत्र १५,०१० हर्ट्झवर चालले आहे. यंत्राच्या आत या दोहोंतला १० हर्ट्झचा फरक तेवढा उरतो आणि नाण्यावरून कॉइल (जमिनीलगत फिरवायची यंत्राची तबकडी) फिरताना उमटणारा संकेतही काही हर्ट्झचाच असल्यामुळे फिल्टरला या दोहोंत भेद करणे अवघड जाते. हेच यंत्र १५,०२५ वर सरकवले, तर फरक २५ हर्ट्झचा होतो आणि फिल्टर त्याला बाहेर ठेवू शकतो. नॉइज कॅन्सल हे बटण फ्रिक्वेन्सी अशीच किंचित सरकवून शांत जागा शोधते. तुमच्या यंत्रात अशा १९ जागा आहेत. ते दाबताना कॉइल जमिनीपासून दूर आणि स्थिर धरावी, खिशातला मोबाइल बाजूला ठेवावा आणि त्यानंतर ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज दबावा म्हणून करायची जुळणी) पुन्हा करावा. तरीही आवाज राहिला तर तारांजवळच्या पट्ट्यापुरती मल्टी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरण्याची पद्धत) सोडून एकच फ्रिक्वेन्सी निवडावी. ५, १०, १५, २० आणि ४० किलोहर्ट्झ आळीपाळीने लावून सर्वांत शांत वाटेल ती ठेवावी. सेकंदा-सव्वासेकंदाने एकेक ‘टक्’ येत असेल, तर तो बहुधा गुरांसाठी लावलेल्या विजेच्या कुंपणाचा असतो. तो ठोका एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असल्याने फ्रिक्वेन्सी बदलून फारसा उपयोग होत नाही. शेतमालकाला विचारून, कुंपण बंद असेल त्या वेळी जाणेच बरे.

आता रिकव्हरी स्पीड. तुमची नेहमीची कॉइल २८ सेंटिमीटरची आहे. ती सेकंदाला एक मीटर वेगाने फिरवली, तर नाण्यावरून जायला तिला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. रिकव्हरी १ वर असताना यंत्र सावकाश ऐकते, म्हणून खोलवरचे क्षीण संकेत त्याला जास्त चांगले पकडता येतात. परंतु हात भराभर चालला की तो लाभ जातो आणि शेजारी गंजका खिळा असेल तर त्याचा आणि नाण्याचा आवाज एकमेकांत मिसळतो. नांगरटीच्या जुन्या शेतांत असे लोखंड फार असते. माझ्या मते तिथे ४ किंवा ५ ठेवावे. १ किंवा २ हे आकडे कचरा नसलेल्या शांत कुरणासाठी, तेही अगदी संथ हाताने. खात्रीसाठी एक नाणे वीतभर खोल पुरा आणि सेन्सिटिव्हिटी १८ पासून एकेक अंक वाढवत जा. दोन्ही दिशांनी कॉइल फिरवताना नाण्याचा सूर ज्या अंकावर प्रत्येक वेळी येतो, तोच त्या दिवसाचा योग्य अंक.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या घराच्या अंगणात पत्नीची सोन्याची अंगठी पडली. मागून आणलेला डिटेक्टर अंगणभर वाजतो. काय करावे?

उत्तर : आपली माती बेसॉल्ट खडकाची आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते; यंत्र त्यालाच दाद देत आहे. धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा आणि आवाज शमेपर्यंत सेन्सिटिव्हिटी निःसंकोच उतरवा. अंगठी वरच्या थरातच असणार, तेव्हा इथे खोलीची गरजच नाही. लहान कॉइल मिळाली तर तीच लावा. मात्र कचरा टाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) वाढवू नका. सोन्याची बारीक अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांचे धातू ओळखण्याचे आकडे यंत्रावर जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून वाजेल ती प्रत्येक जागा हाताने चाचपून पाहा.