वाचकांचे प्रश्न: वाळवंटी कॅनियनमधून कनूने पाच दिवस

आम्ही चौघं मित्र अमेरिकेतल्या युटा राज्यात, कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातून ग्रीन नदीवर कनूने (वल्ह्यांच्या लांबट, अरुंद होडीने) जायचं म्हणतोय. बरोबर गाइड नाही. कोणता टप्पा धरावा? दिवाळीच्या सुट्टीत जमेल का? सरावाला कोलाडचं राफ्टिंग पुरेल का? (कोथरूड)

मिनरल बॉटमपासून कोलोरॅडो नदीच्या संगमापर्यंतचा स्टिलवॉटर कॅनियन धरा. अंतर 52 मैल, म्हणजे सुमारे 84 किलोमीटर. या टप्प्यात खळाळ नाहीत. पण दोन्ही बाजूंना कडे, वाटेत गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. दोघांना एक अशा दोन कनू घ्या. रोज बावीस-तेवीस किलोमीटर धरले तर चार दिवसांत होतं, तरी पाच ठेवा. जास्तीचा दिवस वाऱ्यासाठी. दुपारी कॅनियनमधून बरेचदा उलटा वारा सुटतो, आणि भरलेली कनू त्याच्या तोंडावर वल्हवणं म्हणजे हात मोडून घेणं. सकाळी सातला पाण्यात उतरा, एक-दीडपर्यंत मुक्काम गाठा.

दिवाळी नको. ऑक्टोबर संपताना रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, दिवस आखूड होतो आणि परत आणणाऱ्या बोटींचा हंगामही सरत आलेला असतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य उत्तम. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, काही वर्षी वीस हजार क्युसेकच्या पुढे जाते. (खडकवासल्यातून पाणी सोडल्याच्या बातम्यांत असतो तोच हा क्युसेक.) तेव्हा वाळूचे पट्टे बुडतात, काठावर टॅमॅरिस्कची दाट झुडपं उरतात आणि तंबूला जागा सापडत नाही. शिवाय डास. सप्टेंबरात प्रवाह बहुधा दोन ते चार हजारांत असतो. तेव्हा वाळूचे पट्टे उघडे पडतात, मात्र कनू अधूनमधून वाळूत रुतते. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला खोल असतं, तिकडूनच जा. ग्रीन रिव्हर गावाजवळच्या मापन केंद्राचा रोजचा आकडा यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक संस्थेच्या संकेतस्थळावर दिसतो. निघायच्या आठवडाभर आधीपासून तो बघत राहा.

कोलाडचा उपयोग थोडाच. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर काही तास राफ्ट चालते, सोबत गाइड असतो. तुम्हाला गरज आहे ती संथ पाण्यात तासन्‌तास वल्हवायच्या सवयीची. पवनेसारख्या जलाशयावर कयाक भाड्याने घेऊन दुपारच्या वाऱ्यात सलग तीन तास काढा. खांदे कुठे बोलतात ते तिथेच कळेल. पोहता येत असो वा नसो, पाण्यावर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवंच.

पिण्याचं पाणी किती न्यायचं? नदीचं गाळून चालेल का? (सहकारनगर)

माणशी दिवसाला चार लिटर. चार माणसं, पाच दिवस आणि एक राखीव दिवस, म्हणजे 96 लिटर. वीस लिटरचे पाच कॅन घ्या आणि दोन कनूंत वाटून ठेवा. एकच मोठी टाकी नको, ती फुटली तर सगळंच गेलं. शंभर किलोचं हे ओझं कनूच्या तळाशी, मधोमध ठेवून बांधायचं. वजन वर चढलं की कनू डगमगते.

नदीचं पाणी राखीव समजा. ते इतकं गढूळ असतं की फिल्टर थोड्याच वेळात तुंबतो. इथे आपली तुरटी कामी येते. वीस लिटरच्या बादलीत अर्धा छोटा चमचा पूड टाकून ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घ्या, मग फिल्टर करा किंवा खळखळून एक मिनिट उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वरच्या भागातल्या शेतांमधून येणारी रसायनं तर उकळूनही जात नाहीत. म्हणून हे पाणी आधी भांड्यांना. बाजूच्या घळींतल्या झऱ्यांच्या भरवशावर निघू नका, बहुतेक कोरडे असतात.

त्या घळींच्या तोंडाशी तंबूही नको. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, तुम्हाला न दिसणाऱ्या पठारावर पडतो आणि लोंढा तुमच्या अंथरुणात येतो. रात्री कनू पाण्यापासून लांब ओढून दोन्ही टोकांनी बांधा, वारासुद्धा ती उचलून नेतो.

संडासाचं काय? वाळूत खड्डा खणला तर? (औंध)

चालत नाही. कोरड्या वाळवंटात मैला लवकर कुजत नाही आणि मुक्कामाच्या जागा मोजक्याच असल्याने पुढचा गट त्याच वाळूवर झोपतो. धुऊन पुन्हा वापरता येणारा घट्ट झाकणाचा डबा नेणं उद्यानाच्या नियमानं बंधनकारक आहे. उद्यानाजवळच्या मोअब गावात भाड्याने मिळतो. लघवी मात्र थेट नदीत करायची. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण वाळूत मुरलेल्या लघवीचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि वाहत्या मोठ्या नदीत ती विरून जाते. भांड्यांचं पाणीही गाळून नदीत ओता, गाळणीतलं खरकटं कचऱ्याच्या पिशवीत. शेकोटी फक्त लोखंडी परातीत, आणि राख परत न्यायची. प्रत्येक कनूत एक जादा वल्हं असू द्या.

मेतकूट-भात, खिचडी नेता येईल? (सदाशिव पेठ)

तांदूळ आणि हरभरे प्रवासी सामानातून अमेरिकेत नेऊ देत नाहीत, धान्याला लागणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीने. ते तिथेच घ्या. जे काही खायचं नेणार असाल ते कस्टम्सला सांगा. लपवलं तर दंड. गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, मोअबला विकत मिळतं.

इथून सॅटेलाइट फोन घेऊन जाऊ का? (वारजे)

नको. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांवरूनही विमानतळावर लोकांना अडवलं गेलंय. तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा.

बुकिंग कोणत्या क्रमाने करायचं? परत कसं यायचं? (कोथरूड)

आधी व्हिसा. मग जेटबोट, मग उद्यानाचा परमिट, विमानाचं तिकीट सगळ्यांत शेवटी. संगमापर्यंत गाडीरस्ता येत नाही. मोअबची जेटबोट तुम्हाला कनूसकट उचलते आणि कोलोरॅडोतून वर, मोअबजवळच्या पोटॅशच्या धक्क्यापर्यंत आणते. परमिटवर उतरण्याची आणि निघण्याची तारीख लागते, म्हणून बोटीची तारीख पक्की झाल्याशिवाय तो काढू नका. मिनरल बॉटमला नेणारी गाडीही मोअबमधून ठरते. कड्यावरून उतरणारा तो कच्चा घाटरस्ता 2010 च्या पुरात वाहून गेला होता. नंतर दुरुस्त केलाय, पण पावसात चिकणमाती होऊन तो अजूनही बंद पडतो. त्यासाठी मोअबमध्ये एक दिवस हाताशी ठेवा.

बोट बहुधा संगमाच्या साडेतीन मैल खाली, उजव्या काठावरच्या स्पॅनिश बॉटमला येते. जागा बुक करतानाच विचारून घ्या. तिथे आदल्या संध्याकाळीच पोचून राहा. संगम ओलांडला की उजव्या काठालगतच चला, कारण स्पॅनिश बॉटमच्या थोडंच पुढे कॅटरॅक्ट कॅनियनचे खळाळ सुरू होतात. ते साध्या कनूचं काम नाही, त्यांचा परमिटही वेगळा असतो. बोट चुकली तर उलट्या प्रवाहात पोटॅशपर्यंत वल्हवत जाणं शक्य नाही. तिथेच थांबायचं आणि सॅटेलाइटवरून कळवायचं. राखीव दिवसाचं पाणी त्यासाठीच.