चौथी डिस्क टेबलावर नको

प्रश्न : वडिलांनी रेडिओवरून आणि मैफलींत ध्वनिमुद्रित केलेल्या सुमारे ४०० कॅसेट मी घरच्या डेस्कटॉपवर उतरवून घेतोय. आतली डिस्क भरली म्हणून बाहेरच्या तीन घेतल्या : १ टीबीच्या दोन छोट्या आणि २ टीबीची एक मोठी, ॲडॅप्टरवाली. सगळ्या एका हबला जोडल्यात. टेबलावर वायरींचं जाळं झालंय आणि मध्येच एखादी डिस्क दिसेनाशी होते. दुकानदार म्हणतो, आणखी एक ४ टीबीची घ्या. जागा हवी आहे, पसारा नको. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ४ टीबीची डिस्क जरूर घ्या, पण ती कॅबिनेटच्या आत बसवायची घ्या. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक डेस्कटॉपच्या पोटात एक-दोन डिस्कची जागा रिकामी असते आणि टेबलावर मात्र डब्या वाढत जातात. हे पाहिलं की मला राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेचा हिशोब. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ या उत्तम दर्जाने उतरवलंत तर तासाला साधारण २ जीबी लागतात. ९० मिनिटांची कॅसेट ३ जीबीच्या किंचित वर जाते, म्हणजे ४०० कॅसेट सव्वा टीबीत बसल्या. फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज दाबून साठवणाऱ्या प्रकारात, ठेवल्या तर आवाजातलं काहीही न गमावता जागा आणखी कमी लागते. ४ टीबीत तुमचं सगळं काम होऊन वर भरपूर उरेल. विंडोज ती डिस्क ३.६३ टीबी दाखवेल. ते मोजण्याच्या पद्धतीमुळे, डिस्क खराब आहे म्हणून नव्हे.

डिस्क दिसेनाशी होते त्याचं कारण बहुधा वीज आहे. छोट्या डिस्कना स्वतःचा ॲडॅप्टर नसतो, त्या यूएसबीतूनच वीज घेतात. यूएसबी ३.० चं एक पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतं, जुनं २.० फक्त ५००. हबला स्वतःचा ॲडॅप्टर नसेल तर तेवढ्यातच दोन्ही डिस्क फिरवायच्या असतात. कॅसेट चालू असताना डिस्क सुटली की त्या गाण्याची फाइल अर्धवट राहते, आणि जुनी टेप पुन्हा पुन्हा वाजवणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, पण मोठ्या डिस्कचा ॲडॅप्टर बहुतेक घरांत भिंतीतल्या बोर्डाला लावलेला असतो. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. डिस्क आत असली की तिला कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायमधून, म्हणजे यूपीएसवरून, वीज मिळते.

आता कॅबिनेट उघडा. कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग बाजूचं झाकण काढून आतल्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली स्थिर वीज उतरते. मदरबोर्डच्या कडेला इंग्रजी एल आकाराच्या जिभेची चपटी सॉकेट दिसतील, ती साटाची, म्हणजे आतल्या डिस्क जोडायची. बहुतेक बोर्डांवर चार किंवा सहा असतात. एक रिकामं आहे का पाहा. पॉवर सप्लायकडून येणाऱ्या वायरींत तशाच चपट्या पण रुंद तोंडाची वायर शोधा. नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हकडे बघा. तो साटाचा असेल आणि वापरात नसेल, तर त्याच्या दोन्ही वायरी डिस्कला चालतात. जुन्या चार पिनांच्या वायरीला लावायचे स्वस्त, ओतीव प्लास्टिकचे कन्व्हर्टर मात्र घेऊ नका. ते तापून जळाल्याची उदाहरणं आहेत.

दुकानात मागायचं ते असं : साडेतीन इंची, आत बसवायची, सीएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) ४ टीबी हार्ड डिस्क, सोबत साटा डेटा केबल आणि चार स्क्रू. केबल बहुधा वेगळी घ्यावी लागते. तुमच्या साठ्यासाठी एसएसडीवर, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, पैसे घालवू नका. वर सांगितलेल्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सेकंदाला जेमतेम अर्धा एमबीहून थोडं जास्त लिहितं आणि साधी हार्ड डिस्कही शंभराच्या पुढे लिहिते. स्क्रू चारही लावा, डिस्क थरथरली की तिचं आयुष्य कमी होतं. नंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या मांडणीचा जीपीटी हा प्रकार निवडा. एमबीआर निवडलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही.

हब काढून टाका. ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरात घेणारी डबी) असेल तर तो कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावा. कॅसेट डेककडून येणारी वायर ॲडॅप्टरांपासून लांब न्या, तिच्यात गुणगुण शिरते.

आता जुन्या तीन डिस्क. त्या फोडून आत बसवायला जाऊ नका. छोट्या डिस्कमध्ये अनेकदा यूएसबीचं सॉकेट थेट सर्किटवरच जोडलेलं असतं, साटा नसतोच. सगळा संग्रह नव्या डिस्कवर कॉपी करा, कट-पेस्ट नको. फाइलींची संख्या आणि आकार जुळवा, इकडून-तिकडून काही फाइली ऐका. जुळलं की २ टीबीच्या डिस्कवर पूर्ण संग्रहाची एक प्रत, आणि दोन छोट्यांवर निम्मी-निम्मी अशी दुसरी. मोठी डिस्क कपाटात, दोन्ही छोट्या डिस्क बहिणीकडे किंवा मित्राकडे, दुसऱ्या घरात. नव्या कॅसेट उतरल्या की डिस्क आणायची, जोडायची, भर घालायची, सेफली रिमूव्ह करून परत ठेवायची. कायम जोडलेली प्रत व्हायरस आला किंवा चुकून फाइल पुसली गेली की मूळ संग्रहाबरोबरच जाते.

आणि कॅसेट टाकू नका. तुमच्या वडिलांनी मैफलीत बसून भरलेल्या त्या टेपांची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल. थंड, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब, उभ्या ठेवा.

प्रश्न : आमचा कॉम्प्युटर ऑल-इन-वन आहे, कॅबिनेटच नाही. फोटोंसाठी जागा हवी.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला बाहेरचीच डिस्क लागेल, पण एकच. छोटी यूएसबी एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसल्याने ती कशीही बसवता येते. स्क्रीनच्या मागे किंवा स्टँडवर वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवा, हवा जाण्याच्या जाळ्या मात्र झाकू नका. सोबत आलेली लांब केबल गुंडाळून ठेवण्यापेक्षा वीतभर लांबीची घ्या आणि ती मागच्या निळ्या किंवा टाइप-सी पोर्टला लावा. साध्या २.० पोर्टवर एसएसडीचा वेग सेकंदाला ३०-४० एमबीवर येतो. घरात दोघं-तिघं तेच फोटो वापरत असाल, तर राउटरशेजारी ठेवायचा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारी डिस्कची पेटी, बघा, टेबलावर मग काहीच उरत नाही.

फोटोंची कपाटात ठेवायची दुसरी प्रत मात्र हार्ड डिस्कवरच ठेवा. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातली माहिती हळूहळू पुसट होऊ शकते.