टेकडीवर ५०,००० रोपं की आइसलँडमधलं यंत्र?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणजवळच्या तुमच्या कारखान्यात 'नेट झीरो' (जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडू तेवढा टाळायचा किंवा परत काढून घ्यायचा) समिती नेमली आहे, वर्षाचा वीजवापर साधारण ४० लाख युनिट, आणि समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाला शेजारच्या गावाच्या गायरान टेकडीवर ५०,००० रोपं लावायची आहेत. दुसरा गट म्हणतो, झाडंबिडं सगळी फोटोपुरती. त्यापेक्षा हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणाऱ्या परदेशी कंपनीकडून क्रेडिट, म्हणजे त्यांनी पकडलेल्या टनांचं श्रेय, विकत घ्या. यात बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही नाहीत. पण दोघांचं चुकतं वेगवेगळ्या जागी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी यंत्रांचं. नोकरीची बरीच वर्षं मी खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये काढली. त्यामुळे कार्बन कॅप्चर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणं, हे काहीतरी उद्याचं तंत्रज्ञान आहे असं कोणी म्हणालं की मला गंमत वाटते. नैसर्गिक वायूपासून युरिया बनवणारा प्रत्येक कारखाना हेच काम कित्येक दशकं करतोय. वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइडही तयार होतो आणि तो पुढे गेला तर अमोनियाचा कॅटॅलिस्ट खराब होतो. म्हणून एका उंच टॉवरमध्ये खालून गॅस आणि वरून द्रावण सोडायचं. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मग तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये वाफेवर तापवायचं, की तो मोकळा होतो. खरा खर्च त्या वाफेचा. शिफ्टमध्ये आमची झटापट चालायची ती द्रावणाला फेस येऊ नये आणि द्रावण तापवणाऱ्या रिबॉयलरला वाफ थोडी तरी कमी लागावी यासाठी.

आता पुढचा भाग ऐका. हा पकडलेला कार्बन डायऑक्साइड युरियात जातो. युरिया शेतात पडला की काही दिवसांतच त्याचं विघटन होतं आणि तो सगळा पुन्हा हवेत. पकडला खरा, पण ठेवला कुठे? कोणत्याही यंत्राबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा. सरकारी वीज कंपनी एनटीपीसीने २०२२ मध्ये विंध्याचलच्या कोळसा वीज केंद्रात दिवसाला २० टन पकडणारा प्लांट उभारला, त्यातून मिथेनॉल बनवायचं ठरलं. मिथेनॉल जळलं की हिशोब पुन्हा शून्यावर. टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात कोळशाच्या धुरातला वायू जुन्या तेलविहिरींत दाबून उरलंसुरलं तेल वर काढत होते. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले तसा तो प्रकल्पही बंद ठेवला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. हवामानाशी त्या वेळापत्रकाचा संबंध किती, ते तुम्हीच ठरवा.

खरोखर गाडून ठेवल्याची उदाहरणं नाहीत असं नाही. नॉर्वेजवळ समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला १० लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो. ही सुबुद्धी आपोआप झाली नव्हती बरं का. १९९१ मध्ये नॉर्वेने कार्बनवर कर बसवला आणि हवेत सोडण्यापेक्षा गाडणं स्वस्त पडू लागलं.

तुमच्या दुसऱ्या गटाला हवं आहे ते यापेक्षा अवघड काम आहे. आमच्या प्लांटमध्ये गॅसमध्ये १६-१८ टक्के कार्बन डायऑक्साइड असायचा आणि तोही दाबाखाली. कोळशाच्या धुरात तो १२-१४ टक्के असतो. हवेत? ४२० पीपीएमच्या आसपास, म्हणजे सुमारे २,४०० रेणूंमागे एक. तो एक वेचायचा म्हणजे प्रचंड हवा पंख्यांनी ओढायची, गाळणीवर धरायचा, मग गाळणी तापवून सोडवायचा. उष्णता आणि वीज मिळून टनाला साधारण २,००० युनिट ऊर्जा लागते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. करा गुणाकार: एक टन पकडायला १.४ टन सोडायचा!

यावर ठरलेलं उत्तर येतं की सौरऊर्जेवर चालवू. चालवा की. पण सौरऊर्जेच्या त्याच २,००० युनिटांनी कोळशाची तेवढी वीज हटवली (कोळशाच्या युनिटमागे साधारण एक किलो) तर जवळपास दोन टन हवेत जायचेच वाचतात. ग्रिडवर कोळसा आहे तोवर हवा गाळत बसणं हा उलटा व्यवहार आहे.

आइसलँडमध्ये तो सुलट होतो, कारण तिथली वीज जलविद्युत आणि भूऔष्णिक, हटवायला कोळसाच नाही. शिवाय पायाखाली बसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. क्लाइमवर्क्स कंपनीचा ओर्का प्लांट तिथे २०२१ मध्ये सुरू झाला, कागदावरची क्षमता वर्षाला ४,००० टन. २०२४ मध्ये मॅमथ आला, ३६,००० टनांचा. प्रत्यक्षात हाती लागलं ते कागदापेक्षा बरंच कमी. जमिनीखालचं काम मात्र झकास आहे. तिथली कार्बफिक्स ही कंपनी पकडलेला वायू घेते. कार्बफिक्सवाले तो वायू पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडतात. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच्याशी संयोग पावतं आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेक वायूचा दगड होतो. मग गळती नाही, वणवा नाही, राखण नाही.

इथे मराठी माणसाचे कान टवकारतात, कारण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा बसाल्ट आपल्याच बुडाखाली आहे. आयआयटी मुंबईत कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्रही आहे, तेव्हा संशोधन व्हावंच. पण आइसलँडचा दगड तरुण आणि सच्छिद्र, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींत जे झिओलाइट या खनिजाचे देखणे स्फटिक सापडतात ना, ते त्या दगडाच्या जुन्या पोकळ्यांतच वाढलेले असतात. म्हणजे बरीच जागा आधीच भरलेली. आणि कार्बफिक्सच्या पद्धतीत टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात हे कोणाला जाऊन सांगणार?

बसाल्टचा दुसरा एक उपयोग मला जास्त जवळचा वाटतो: त्याची भुकटी शेतात पसरणं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या भुकटीशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो आणि वाहत वाहत समुद्राला मिळतो. भारतातल्या भातशेतीत हे करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. याला निसर्ग म्हणायचं की उद्योग? मोजणं किचकट आहे, पण शेतकऱ्याला मातीतही काही मिळतं.

मग कारखानदारी कॅप्चर नकोच का? हवं, पण जिथे दुसरा इलाज नाही तिथे. उदाहरणार्थ सिमेंट. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे भट्ट्या आहेत. भट्टीतला कोळसा बदलाल, पण चुनखडी तापवून चुना केला की दगडातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच. सिमेंटच्या उत्सर्जनातला अर्ध्याहून जास्त वाटा हाच आहे. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन पकडणारा प्लांट सुरू झाला, तिथला वायू जहाजाने नेऊन समुद्रतळाखाली सोडतात. अशा ठिकाणी सरकारी पैसा गेला तर मी तक्रार करणार नाही. विजेच्या कोळशावर तोच खेळ करायला माझा विरोध आहे, कारण विजेला पर्याय आहे आणि तो स्वस्तही आहे.

आता तुमच्या पहिल्या गटाकडे वळतो. झाडं हवेतून कार्बन घेतात हे खरंच आहे. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक टन सुकं लाकूड तयार झालं की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. अडचण मापाची आहे. कोळशावरच्या वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच ७० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे ३०० कोटी युनिट वीज आणि ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड. जोमाने वाढणारं जंगल हेक्टरी वर्षाला १० टन घेतं असं उदारपणे धरा. ३,००० चौरस किलोमीटर जंगल लागेल. ताडोब्याचा गाभा आणि बफर मिळून १,७०० च्या आसपास आहे. म्हणजे एका संचाला जवळपास दोन ताडोबे, आणि तेही जंगल वाढतंय तोवरच. शेजारच्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. यंत्रवाल्यांनी हसायचं कारण नाही, त्याच एका संचाला मॅमथ ऐंशीच्या वर लागतील.

दुसरी अडचण मुदतीची. गोंडवानाचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षं जमिनीत निवांत होता. तो वर काढून जाळायचा आणि त्याबदल्यात कार्बन कडुलिंबाच्या हवाली करायचा. कडुलिंब किती वर्षं? २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी एका मोसमात इतका कार्बन सोडला की चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कोणत्याही देशाचं इंधनातलं वार्षिक उत्सर्जन त्याहून कमी भरलं. आपल्याकडे मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात लागणारे वणवे विदर्भातल्या माणसाला सांगायला नकोत. झाडांनी भरून काढावं ते जंगलतोडीचं नुकसान. कोळशाचं बिल त्यांच्या नावावर टाकणं अन्याय आहे.

आणि ती टेकडी. वर्णनावरून मुरमाड माळ दिसतोय: पावसाळ्यात कुसळी, मारवेल, शेडा, उन्हाळ्यात पिवळा, धनगरांचे वाडे येऊन जाणारे. सरकारी दप्तरात हे 'पडीक' असतं. प्रत्यक्षात ते गवताळ रान आहे, लांडगा, खोकड, चिंकारा यांचं घर. त्याचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वरचं गवत जळलं तरी तो जागेवर राहतो. तिथे जेसीबीने चर खोदले की आधी तोच उघडा पडतो. मग बहुतेक वेळा गिरीपुष्प लागतं, कारण त्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत आणि जगण्याची टक्केवारी छान दिसते. गुरांना चारा नाही, पाखरांना आसरा नाही, पण एक्सेल शीट हिरवीगार.

राज्यातल्या मोहिमा आठवत असतील: २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. दरवर्षी आकडा लावलेल्या रोपांचा जाहीर झाला. जगलेल्यांचा प्रश्न पुढे विधिमंडळात चौकशी समितीपर्यंत गेला.

निसर्गावरच पैसा घालायचा असेल तर असलेलं वाचवण्यावर घाला. राज्याच्या किनाऱ्यावर तीनशेच्या वर चौरस किलोमीटर कांदळवन आहे. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांत अडकतो, चिखलात ऑक्सिजन नसतो, कुजणं मंदावतं आणि कार्बन शतकानुशतकं साठत जातो. तिवरांत पाय घातला की घोटाभर काळा चिखल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, ती ऑक्सिजन नसल्याची खूण. भराव टाकून ते मारलं की साठा मोकळा होतो. म्हणून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तिथेही लावालावीची घाई नको. भरतीचं पाणी अडवणारा बांध मोकळा केला तर बऱ्याच जागी कांदळ आपोआप येतं, आणि उघडी चिखलवट पाणपक्ष्यांना तशीच हवी असते. किंवा गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा जंगल राखते. असा हक्क मिळालेल्या गावांना नकाशे, वणव्याची राखण, बांबूची विक्री यासाठी मदत लागते. फोटो साधा येतो, एवढाच तोटा.

आता तुमचा हिशोब. ४० लाख युनिट म्हणजे वर्षाला सुमारे २,८०० टन. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळ २० किलो घेतं धरलं, तर ५०,००० रोपं एकूण एक जगली तरी १,००० टन, तेही दहाएक वर्षांनी, पन्नासेक हेक्टर अडवून. शेडच्या छतावर एक मेगावॉट सौर बसवलं तर वर्षाला १४ लाख युनिट, म्हणजे तेच १,००० टन, पहिल्या वर्षापासून. जागा लागते लाखभर चौरस फूट, जी उन्हात तापत पडलेलीच आहे.

त्याच्याही आधी एक फुकटचं काम. रविवारी प्लांट बंद असताना एक कॉम्प्रेसर चालू ठेवा, लाइन भरू द्या आणि कोणालातरी घड्याळ घेऊन उभं करा. हवा कोणीच वापरत नसताना कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) असतो आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरत), ते लिहायचं. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, ही तुमची गळती. वीस-तीस टक्के निघणं अजिबात नवलाचं नाही. समितीतल्या दोन्ही गटांना तिथे सोबत उभं करा.

एवढं करूनही साहेबांना रोपं हवीच असतील तर माळ सोडा, तुटलेल्या जंगलाची कड निवडा आणि ठेकेदाराशी करार नीट करा. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी, आणि चराई करणारे त्या सभेला हजर हवेत. जाती स्थानिक. पैसे खड्ड्यांवर नाहीत, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडांवर. मोजणी बाहेरच्या माणसाने करायची, पुढे घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, घ्यायचा. आणि त्या झाडांचं क्रेडिट ठेकेदार दुसऱ्याला विकणार नाही हे कलम लेखी. हे मान्य नसेल तर सही करू नका.

गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि शेडच्या छताचं माप इथे टाकलंत, तर सौरचा आराखडा खालीच मांडून देतो. छत सिमेंटच्या पत्र्याचं आहे की प्रोफाइल शीटचं, तेही लिहा. वजनाचा प्रश्न तिथे येतो.