हे गाणं नक्की म्हणतंय कोण?

मागच्या अंकात योआसोबी या जपानी ग्रुपच्या (गाणी बांधणारा आयासे, गाणारी इकुरा) अ‍ॅनिमे गाण्यांची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांसाठी केलेल्या गाण्यांची, माझी क्रमवारी दिली आणि त्यात 'आयडॉल' तिसऱ्या नंबरावर टाकलं, तेव्हापासून पत्रांचा नुसता पाऊस. काही छापण्यासारखी आहेत, काही नाहीत. छापण्यासारखी खाली घेतलीत.

प्रश्न : 'आयडॉल' तिसरं? जपानच्या बिलबोर्ड हॉट १०० वर सलग २१ आठवडे एक नंबरला राहिलेलं गाणं आहे ते. तुम्ही ऐकलंय तरी का? – एक संतापलेला फॅन

ऐकलंय हो, इतक्यांदा ऐकलंय की घरच्यांनाही पाठ झालंय. आणि २१ आठवडेच कशाला, जून २०२३ मध्ये ते बिलबोर्डच्या अमेरिका सोडून बाकी जगाच्या यादीतही पहिलं आलं, जपानी भाषेतल्या गाण्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पण खप वेगळा आणि माझी आवड वेगळी ना.

'आयडॉल'ची खरी गंमत सांगतो. योआसोबीची पद्धत अशी की आधी कथा येते आणि मग त्या कथेवरून आयासे गाणं बांधतो. 'आयडॉल' ज्या मालिकेचं गाणं आहे त्या 'ओशी नो को'चे लेखक आका आकासाका यांनी त्यासाठी '४५५१०' नावाची छोटी कथा लिहिली, आणि ती कथा सांगते कोण, तर मालिकेतली पॉपस्टार आई होशिनो (तिचं नावच 'आई', माता या अर्थाने नव्हे) हिच्याच ग्रुपमधली एक जुनी मेंबर! म्हणून गाण्यात आधी बाहेरच्यांची भाबडी वाहवा येते, मधे फॅन लोकांचा तो आरडाओरडा, मग सूर एकदम काळवंडतो आणि बरोबरच्या मुलींची जळजळ बाहेर पडते, आणि सगळ्यात शेवटी आई स्वतः बोलते. प्रत्येक वेळी पट्टी बदलते, चाल बदलते, इकुराचा आवाजसुद्धा वेगळ्या बाईचा वाटायला लागतो. एका गाण्यात तीन-चार तोंडं, आणि एकदाही गोंधळ नाही. हे कौशल्य मान्यच आहे मला, पण ऐकताना मी थक्क होतो, आतून हलत नाही. तिसरा नंबर त्यासाठी.

प्रश्न : मग पहिला नंबर 'शुकुफुकु'ला का दिलात? रोबोटच्या सिरियलचं गाणं आहे ते. – नाव छापू नका

रोबोटच्या सिरियलचं आहे म्हणूनच तर!

ती सिरियल म्हणजे 'गंडम : द विच फ्रॉम मर्क्युरी', ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. गंडम हे प्रकरण १९७९ पासूनचं आणि त्याच्या टीव्ही मालिकांमध्ये मुख्य पात्र मुलगी असण्याची ही पहिली वेळ, सुलेत्ता नाव तिचं, आणि तिचा गंडम, म्हणजे आत बसून चालवायचा अवाढव्य रोबोट, एरियल. मी पहिले कित्येक आठवडे हे गाणं सुलेत्ताचं समजून ऐकत होतो, बावळट बुजरी मुलगी स्वतःला धीर देतेय वगैरे. मग कळलं की मालिकेचे लेखक इचिरो ओकोउची यांनी गाण्यासाठी जी कथा लिहिली तिच्यात बोलणारा एरियल आहे. म्हणजे मशीन! लहानपणापासून ह्या पोरीला आपल्या आत बसवून वाढवलेलं मशीन तिला म्हणतंय की तुझी वाट तुलाच निवडायचीय, मी आहेच बरोबर. हे कळल्यावर परत ऐकलं आणि त्याच ओळी, तीच चाल, पण मला एकदम पाळण्यावरचा हात दिसायला लागला. चाल उड्या मारत पळणारी, आणि आत हे असलं काहीतरी भरलेलं. मालिका पुढे पाहिलेल्यांना माहितीय की एरियल हे नुसतं मशीन असणं किती अवघड होत जातं, त्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही, नाहीतर पुढच्या अंकात माझ्या नावाची वेगळी पत्रं येतील.

म्हणून माझा सगळ्यांना एकच आग्रह असतो, योआसोबीचं कुठलंही अ‍ॅनिमे गाणं घ्या आणि आधी विचारा, हे म्हणतंय कोण.

प्रश्न : मी ओपनिंग (मालिकेचं सुरुवातीचं गाणं) नेहमी स्किप करते. काही बिघडतं का? – स्किपवाली

बाकीच्यांचं स्किप कर गं, खुशाल. पण तुझं पत्र वाचून मला वाटलं की तू फक्त टीव्हीवरचा तुकडा ऐकलायस. ओपनिंगला मिळतात साधारण दीड मिनिटं आणि त्यात एक कडवं, एक ध्रुवपद, संपलं. ज्यांची गाणीच गोष्टीसारखी सुरुवात-मध्य-शेवट अशी बांधलेली असतात त्यांना हा कट सगळ्यात महागात पडतो. म्हणजे बघ, 'आयडॉल'मधला आईचा शेवटचा कबुलीजबाब त्या दीड मिनिटात मावतच नाही. तेव्हा एपिसोडला स्किप कर, पण नंतर पूर्ण गाणं एकदा तरी लाव, कानात हेडफोन घालून.

प्रश्न : 'फ्रीरेन' इतकी शांत मालिका आणि तिला 'यूशा'सारखं ठेका धरायला लावणारं गाणं? मला खटकतं. – फ्रीरेनप्रेमी

मलाही खटकलं होतं. २९ सप्टेंबर २०२३ ला 'फ्रीरेन' दोन तासांच्या स्पेशलने सुरू झाली, मी ते बघून हळवा वगैरे होऊन बसलो होतो आणि त्याच मूडमध्ये 'यूशा' लावलं, तर हे टकटक वाजणारं काय? चिडलोच.

पण परत तोच प्रश्न विचारून बघा. बोलतेय फ्रीरेन, हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ. हिम्मेल नावाच्या वीराबरोबरचा दहा वर्षांचा प्रवास तिच्या आयुष्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही, तो माणूस म्हातारा होऊन गेला आणि तेव्हा हिला कळलं की आपण त्याला ओळखून घेतलंच नाही. आता जिला काळ असा भराभर निसटलेला कळतो तिच्या गाण्याचा ठेका थांबणार कशाला? तो पुढेच जाणार. आणि इकुरा ते रडत नाही, सरळ सांगते, जुनी दंतकथा सांगावी तसं. रडायचं काम आपल्याकडे. मालिकेच्या दुसऱ्या टप्प्यात ओपनिंगला योरुशिका या दुसऱ्या जपानी बँडचं 'हारु' आलं, तेही छानच आहे, पण तोपर्यंत माझं मत पलटलं होतं. नंबर दोन पक्का.

प्रश्न : 'बीस्टार्स'चं नावच नाही यादीत? – राखाडी लांडगा

चूक कबूल. जागा कमी पडली हे कारण खोटं, विसरलो हे खरं.

'बीस्टार्स' ही माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांची मालिका. तिचं जानेवारी २०२१ चं 'काईबुत्सू' हे योआसोबीचं अ‍ॅनिमेसाठीचं पहिलं गाणं, आणि मांगाच्या (मूळ कॉमिकच्या) लेखिका पारू इतागाकी यांनीच त्यासाठी कथा लिहिलेली. बोलणारा लेगोशी, लांडगा, ज्याला स्वतःच्याच दातांची भीती वाटते. सुरुवातीला हे जग किती सुंदर म्हणतो तो टोमणा आहे हे कळायला मला वेळ लागला. पण मला त्याच सीझनचं एंडिंग 'यासाशी सुइसेई' जास्त जवळचं, हरीण लुई आणि सिंह इबुकी यांच्यातल्या नात्यावरचं. ह्या जोडगोळीचं इतकं मऊ गाणं क्वचित सापडेल आणि नेमकं त्याचंच नाव कोणी घेत नाही, मीसुद्धा नाही घेतलं.

प्रश्न : दोघंच आहेत तर ग्रुप का म्हणता? – शंकेखोर

बरं, जोडी म्हणतो. खूश?

प्रश्न : 'आयडॉल'मधलं मधलं रॅपसारखं कडवं म्हणताना दम लागतो. काय करू? – गॅदरिंगला गाणारी

आयासे मुळात व्होकॅलॉइडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाणाऱ्या आवाजावर, गाणी करणारा माणूस, डेमोसुद्धा तसल्याच आवाजात बनवतो, आणि त्या कॉम्प्युटरच्या गाणारणीला श्वास घ्यावा लागत नाही! ते इकुराला पेलतं म्हणून आपल्याला सोपं वाटतं. तू असं कर, आधी ते कडवं चाल सोडून नुसतं बोल, एखादीबद्दल मैत्रिणीजवळ कुचकट बोलतात ना तसं, खालच्या आवाजात. जिथे बोलताना आपोआप थांबशील तिथे पेन्सिलीने खूण कर आणि गातानाही तिथेच श्वास घे. आणि त्या आधीच्या भागात जोर लावू नकोस, सगळ्या मुली तिथेच दमतात.