डीजे मिक्सचे ट्रॅक करा, पण मिक्स तोडू नका

सत्तर मिनिटांचा मिक्स एकाच एमपी३ फाइलमध्ये आहे, सीडीवर त्याचे वेगवेगळे ट्रॅक हवेत आणि मध्ये गॅप नको, असं तुम्ही विचारलंय. मूळ वेव्ह फाइल (न दाबलेला, पूर्ण आवाज) असेल तर तीच घ्या. नसेल तर एमपी३ एकदाच वेव्हमध्ये बदला आणि मग कापा. तुकडे पुन्हा एमपी३ करून सीडीवर टाकू नका. एमपी३ १,१५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका मोजमापाच्या) फ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक गठ्ठ्यांत, बांधलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण माझा एक मिक्स सीडी काढतानाच मेला. दोन टर्नटेबलवर एका दमात वाजवलेला, ७१ मिनिटं, १४ गाणी. सातव्यातून आठव्यात जाताना ३२ बीट्स दोन्ही गाणी सोबत चालायची आणि बरोबर पहिल्या बीटवर जुन्याचा बेस काढून नव्याचा बेस आत घ्यायचा. त्या एका जागेसाठी मी कित्येक आठवडे हात बसवला होता. तेव्हा आम्ही दोघं मिळून वाजवायचो. सीड्या काढायचं काम जोडीदाराने घेतलं आणि मला न ऐकवता ४० कॉपी काढल्या. मी पहिली लावली. बेस आत येणार, त्याच क्षणी दोन सेकंद सगळं गप्प. मग गाणं सुरू. असं तेरा वेळा.

तो म्हणाला, "अरे, सीडीवर दोन गाण्यांत गॅप असतेच."

नसते. लाइव्ह कार्यक्रमाची कुठलीही सीडी लावा, ट्रॅकचा आकडा बदलतो तरी टाळ्या चालूच राहतात. १९८० च्या रेड बुकमध्ये, म्हणजे ऑडिओ सीडीच्या नियमावलीत, दोन सेकंदांची सक्ती फक्त पहिल्या ट्रॅकच्या आधी आहे. त्याने 'ट्रॅक-ॲट-वन्स' ठेवून बर्न केलं होतं, त्यात लेझर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो. 'डिस्क-ॲट-वन्स' निवडायचं, म्हणजे अख्खी डिस्क न थांबता लिहिली जाते, आणि ट्रॅकमधली गॅप शून्य करायची.

ते केल्यावर गॅप गेली, पण सांध्यावर बारीक 'टक्' यायला लागलं. सीडीवर एका सेकंदाचे ७५ फ्रेम असतात, एका फ्रेमला ५८८ सॅम्पल. तुकडा मध्येच कुठेतरी संपला तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि तीच टक् ऐकू येते. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्राममध्ये स्नॅपिंग 'सीडीडीए फ्रेम'वर ठेवा, म्हणजे खूण फ्रेमच्या सीमेवरच बसते, ट्रॅक सुरू होतो तिथे लेबलं लावा आणि लेबलनुसार १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह एक्स्पोर्ट करा. मला स्वतःला याहून क्यू शीट आवडते. तिच्यात फाइल कापावीच लागत नाही. एक अख्खी वेव्ह आणि सोबत साध्या मजकुराची फाइल, जिच्यात प्रत्येक ट्रॅकची वेळ मिनिट, सेकंद, फ्रेम अशी लिहायची. शेवटचा आकडा ०० ते ७४ मधलाच हवा. तिथे शतांश सेकंद लिहून लोक हमखास चुकतात.

आणि आवाज वाढवायचा तर अख्ख्या मिक्सचा वाढवा. जोडीदाराने प्रत्येक तुकडा वेगळा नॉर्मलाइझ केला होता, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा आवाज एका ठरावीक पातळीवर आणला होता, त्यामुळे चालू गाण्यातच आवाजाला पायरी पडली. फेड-इन, फेड-आउट तर अजिबात नको. दोन गाणी जोडण्याचं काम वाजवणाऱ्याने केलेलं असतं, कापणाऱ्याने त्यात हात घालू नये.

नव्या ट्रॅकची खूण कुठे करायची यावरून तर आमचं कायमचं वाजलं. त्याच्या मते नवं गाणं पहिल्यांदा कानावर पडतं तिथे. मी म्हणतो, बेस बदलतो त्या पहिल्या बीटवर. ऐकणारा आठवा ट्रॅक लावतो तेव्हा त्याला आठवं गाणं हवं असतं. सातव्याच्या शेपटीखाली दबलेलं हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) ऐकत त्याने इतका वेळ का बसावं? नवं गाणं बेसशिवाय, नुसत्या गायकाच्या आवाजावर आत येत असेल तर त्याचं म्हणणं बरोबर धरीन. पण असे मिक्स थोडे, आणि आमचा तसा नव्हता.

हे सगळं ऑडिओ सीडीबद्दल आहे. एमपी३ची डेटा सीडी केलीत तर गॅप येणं न येणं प्लेअरवर असतं, तिथे यातलं काही चालणार नाही. ७० मिनिटं ७४ मिनिटांच्या डिस्कवरही मावतात, आणि ट्रॅक ९९ पर्यंत करता येतात. आधी एक रीरायटेबल डिस्क काढा आणि हेडफोन लावून फक्त सांधे ऐका, प्रत्येक ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद आणि पुढच्याचे पहिले दहा. तेरा सांध्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. बाकीच्या कॉपी त्यानंतर.