आगोट आणि मार्चअखेर

रत्नागिरी, वैशाख

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जिल्हा नियोजन कार्यालयात रुजू होऊन दोन महिने होत आले आणि तू लिहितेस, "प्रत्येक विभाग आपल्या जागी बरोबर असतो, तरी काम पुढे सरकत नाही." माझी अख्खी नोकरी याच कोड्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सध्या इथे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल आहे. लाकडं पडवीत आली, कौलं शाकारून झाली, आमसुलं आणि सुकी मासळी डब्यांत भरली जातेय. 7 जूनला मृग लागायच्या आत हे उरकायचं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आता सरकारी वर्षाकडे बघ. ते 1 एप्रिलला सुरू होतं, पण बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम दिसेपर्यंत पाऊस पडू लागलेला असतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा करता करता दिवाळी येते. जानेवारीपासून खर्चाची घाई सुरू होते आणि मार्चअखेरीस कोषागारापुढे रांग लागते. आपल्याकडे कलमांचे खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणावे लागतात आणि रोप जून-जुलैत लावावं लागतं. जमिनीला पैसा हवा असतो नेमका त्याच दिवसांत तो वाटेत कुठेतरी अडकलेला असतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. खड्ड्यांची मजुरी एका कार्यालयाकडे, काजूची कलमं दुसऱ्याकडे. खड्डे वेळेवर झाले, पण कलमांच्या खरेदीची फाइल एका शेऱ्यापायी परत गेली. गणपती होऊन गेल्यावर कलमं आली. पाऊस ओसरत होता. शेतकऱ्यांनी तरीही लावली, कारण नाही लावली तर पुढचा हप्ता नाही. शिमग्यापर्यंत निम्म्याहून अधिक जळून गेली. अहवालात खड्ड्यांचं उद्दिष्ट पूर्ण होतं, कलमवाटपाचंही पूर्ण होतं. त्या अहवालावर मीही सही केली. एक म्हातारा शेतकरी मला बांधावर घेऊन गेला, वाळलेलं कलम हातात देऊन काही न बोलता उभा राहिला. ते अजून विसरता येत नाही.

म्हणून पहिलं सांगणं असं. विभागांची यादी करू नकोस, तारखांची कर. एका वहीत डावीकडे निसर्गाच्या तारखा लिही: खड्डे, लागवड, मोहर, फवारणी, 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी, होड्या पुन्हा दर्यात जातात तो दिवस. उजवीकडे तुझ्या कार्यालयातल्या मान्यतांच्या. दोन्ही बाजू जिथे जुळत नाहीत तिथेच पुढे अडचण येणार, हे तुला डिसेंबरातच दिसेल आणि डिसेंबरात काही करता येतं. मे महिन्यात फक्त स्मरणपत्र पाठवता येतं.

सांधा नीट बसला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच मातीत आहे. 1990 मध्ये महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. रोजगार हमीचा पैसा वेगळा, त्यासाठी शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घेतला जायचा. फळबाग हा कृषी खात्याचा विषय. मजुरी देणारा हात आणि रोप देणारा हात एका योजनेत आले, तेही शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर. दापोलीचं विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्याकडे जातिवंत कलमं तयार होती. कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूने भरले ते त्यानंतर. माझ्या मते हा राज्याच्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक. उणीव राहिली ती पुढच्या टप्प्यात. काजू तीन-चार वर्षांत धरू लागतो, हापूसला त्याहून अधिक वेळ लागतो, पण फळ आल्यावर त्याचं काय करायचं हा विषय त्या योजनेत कुणाच्याच वाट्याला नव्हता. काजूची बोंडं आजही कित्येक बागांत झाडाखाली कुजतात.

इथे एक भेद समजून घे, कारण मला तो फार उशिरा कळला. अडलेली प्रत्येक गोष्ट समन्वयाअभावी अडलेली नसते. 2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. प्रक्रिया कारखान्याला वर्षभर बी लागते, ती आफ्रिकेतून स्वस्त आली तर कारखाना चालतो आणि त्यात काम करणाऱ्या बायकांना मजुरी मिळते. बागायतदाराला मात्र त्याच स्वस्त बीमुळे भाव मिळत नाही. इथे दोन्ही बाजूंना सगळी माहिती आहे, त्यांचं हितच वेगळं आहे. अशा प्रश्नावर समन्वय बैठक बोलावलीस तर चहा होईल, इतिवृत्त होईल आणि सगळे होते तिथेच राहतील. तिथे कुणाला तरी ठरवावं लागतं की कुणाचं किती नुकसान सोसायचं आणि त्याची भरपाई कशी करायची. तो निर्णय लोकांनी निवडून दिलेल्यांचा. त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंचे आकडे स्वच्छ मांडणं हे तुझं काम.

समुद्रात तर दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. राज्यघटनेप्रमाणे मासेमारी राज्याचा विषय, पण प्रादेशिक सागराबाहेरची मासेमारी केंद्राच्या सूचीत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा 1981 चा कायदा, त्यापुढे 200 मैलांपर्यंतच्या क्षेत्रात केंद्राचा अधिकार. बांगड्याला ही रेषा माहीत नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्ये आपल्या क्षेत्रात बंदी घातली, पण रात्री दिवा कुठे पेटला, 12 च्या आत की बाहेर, यावरून कुणी पकडायचं हे ठरतं. तो समन्वयाचा भाग झाला. माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं पर्ससीन जाळं आणि साधं गिलनेट जाळं लावणारा लहान मच्छीमार यांचं भांडण मात्र हिताचं. हे दोन्ही एकाच टिपणीत घालू नकोस.

कोकण रेल्वे आणि महामार्गाची तुलना तू स्वतः करून बघ. रेल्वेसाठी 1990 मध्ये एक वेगळं महामंडळ निघालं, त्यात केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. पैसा आणि जबाबदारी आधी वाटली, रूळ नंतर टाकले. सह्याद्रीच्या कुशीतून सातशेहून अधिक किलोमीटरची वाट 26 जानेवारी 1998 ला पूर्ण खुली झाली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात पनवेल-इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यापुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, त्यात कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या, भूसंपादन, बदललेले ठेकेदार. 2011 पासून गणपतीला येणारा प्रत्येक चाकरमानी त्याचे परिणाम अंगावर घेत आला आहे.

हापूसचीही एक गोष्ट सांगतो. फळमाशी सापडल्यामुळे 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली. बाग शेतकऱ्याची, निर्यात वाणिज्य मंत्रालयाखालच्या अपेडाची, रोग-कीड तपासणी कृषी मंत्रालयाची, बरीचशी हाताळणी केंद्रं राज्याच्या पणन मंडळाची. बागेची नोंदणी, उष्णजल प्रक्रिया आणि तपासणी अशी एकच साखळी बांधली गेली, कुठल्या टप्प्यावर कुणाची सही हे ठरलं आणि 2015 च्या जानेवारीत बंदी उठली. तेच लोक, तीच खाती. बाहेरच्याने फळ परत पाठवायला सुरुवात केल्यावर जमलं. एरवी आपल्या कामाला असा धाक नसतो, ही खरी अडचण.

तू विचारलंस की वरच्या पातळीवर तरी हे जमतं का. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आठव. 1943 ते 1949 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. 1950 मध्ये नियोजन आयोग निघाला तेव्हा अर्थमंत्री जॉन मथाई यांना त्याचे अधिकार मान्य झाले नाहीत, त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले ते देशमुख, जे आयोगाच्या पहिल्या सदस्यांपैकी होते. बँक, योजना आणि तिजोरी या तिन्ही खुर्च्यांवरून काय दिसतं हे त्यांना माहीत होतं. अशी माणसं क्वचित येतात, पण छोट्या प्रमाणावर तुलाही हे करता येईल. पहिल्या वर्षी आठवडाभर कृषी सहायकाबरोबर फिर, एक दिवस तलाठ्याच्या सजात बस.

तलाठ्याकडे जायला सांगतो ते सातबाऱ्यासाठी. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. योजना म्हणते सगळ्यांची संमती आण. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. बागांना हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर झाली. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्याचे पाच हजार होतात, तेही सामाईक खात्यात. नारळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात. हेक्टरचा हिशेब घाटावरच्या शेताला ठीक, आपल्या वाडीला झाडं मोजावी लागतात. हे तुझ्या टिपणीत आलंच पाहिजे, कारण वर बसलेल्याने सुपारीची वाडी पाहिलेली असेलच असं नाही.

आणि कलमांच्या फाइलवर जर कधी तुझा शेरा लिहायची वेळ आली, तर आधी फोन उचल. पत्र जायला-यायला पंधरा दिवस जातात, तेवढ्यात मृग संपतो.

माझ्या जुन्या वह्या एस.टी.च्या पार्सलने पाठवतोय. दुसऱ्या वहीत त्या तालुक्याचं सगळं लिहिलं आहे, गावांच्या नावांसकट. त्यातल्या दोन गावांत यंदा तुमच्याच कार्यालयातून लागवड आहे. खड्डे झाले का, ते या आठवड्यात बघून घे आणि मला कळव.

तुझा,
काका