२४ आठवडे म्हणजे जास्त उदार?

प्रश्न : एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी भारत, ब्रिटन, डेन्मार्क आणि जर्मनीतल्या गर्भपात कायद्यांची तुलना करते आहे. मुदतीनुसार भारत आणि ब्रिटन (२४ आठवडे) सर्वांत उदार ठरतात, मग डेन्मार्क (१८), शेवटी जर्मनी (१२). मार्गदर्शक म्हणतात, हा क्रमच चुकीचा आहे. का?

उत्तर : मार्गदर्शकांचं बरोबर आहे. आठवडे नंतर मोजा, आधी निर्णय कोणाचा ते बघा. डेन्मार्कमध्ये १९७३च्या कायद्यापासून ठरलेल्या मुदतीत बाईची मागणी पुरते. जून २०२५मध्ये मुदत १२वरून १८ आठवडे झाली. ब्रिटनमध्ये (उत्तर आयर्लंड यात धरू नका, तिथला कायदा वेगळा) २४ आठवडे असले तरी एरवी दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. आपल्याकडे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २४पर्यंतची मुभा २०२१च्या दुरुस्तीने आली, तीही बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली अशा नियमांत नमूद केलेल्या गटांना, आणि दोन डॉक्टरांच्या मताने. केवळ मागणीवरून गर्भपात आपल्या कायद्यात नाही.

जर्मनीत गर्भपात आजही दंडसंहितेच्या कलम २१८मध्ये आहे. समुपदेशनाचा दाखला घेऊन तीन दिवस थांबलं, तर १२ आठवड्यांपर्यंत शिक्षा होत नाही. हे आठवडे मात्र गर्भधारणेपासूनचे. आपले डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने ते १४ भरतात. तक्त्यात हमखास चूक होते ती इथे. म्हणून आधी सगळे आकडे पाळीपासूनचे करून घ्या. मग मुदतीशेजारी रकाने घाला : मान्य कारणं, निर्णय कोणाचा, सक्तीची प्रतीक्षा, खर्च कोणाचा, शिक्षा कोणाला. प्रत्येक नोंदीला वर्ष हवंच.

फरकाचं कारण शोधताना एंगेली, ग्रीन-पेडरसन आणि लार्सन या राज्यशास्त्रज्ञांची मांडणी हाताशी ठेवा. पश्चिम युरोपात जिथे धार्मिक परंपरेचे पक्ष बळकट, तिथे असे प्रश्न पक्षापक्षांतलं भांडण होतात. इतरत्र ते बहुधा खासदारांच्या विवेकावर सोडले जातात. ब्रिटनचा १९६७चा कायदा खासदार डेव्हिड स्टील यांच्या खासगी (म्हणजे सरकारने न मांडलेल्या) विधेयकातूनच आला.

ही चौकट भारताला जशीच्या तशी लावू नका. आपला १९७१चा कायदा महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावर उभा आहे, आणि त्या समितीपुढचा प्रश्न चोरून होणाऱ्या, जीवघेण्या गर्भपातांचा होता. १९७१ची संसदेतली भाषणं काढा आणि प्रत्येकापुढे एवढंच नोंदवा : मुद्दा आरोग्याचा, लोकसंख्येचा की पाप-पुण्याचा.